‘नो साबो’ म्हणून हिणवताना

‘कोको’ तुम्ही पाहिला असेलच. त्यातल्या मिगेलचं घरच्यांशी भांडण आहे, पण आपण मेक्सिकन आहोत की नाही, हा प्रश्न त्याला पडत नाही. लॉस एंजेलिसमध्ये वाढणाऱ्या त्याच्याच वयाच्या मुलीला तो पडतो.

2020 च्या जनगणनेत अमेरिकेत 6 कोटी 20 लाखांवर लॅटिनो होते. त्यांच्यातल्या ज्या पोरांना स्पॅनिश धड येत नाही, त्यांना ‘नो साबो किड्स’ म्हणतात. ‘मला माहीत नाही’ला स्पॅनिशमध्ये ‘नो से’ म्हणतात, ‘नो साबो’ ही चूक. म्हणजे नावातच टोमणा, आणि मारणारे बहुतेकदा आपलेच! प्यू रिसर्च सेंटरच्या 2023 च्या अहवालात, स्पॅनिश न येणाऱ्या किंवा जेमतेम येणाऱ्या निम्म्याहून जास्त लॅटिनोंनी हा अनुभव सांगितला.

मला वाटतं, टोमणा चुकीच्या माणसाला बसतोय. त्या मुलीच्या आजी-आजोबांच्या काळात शाळेत स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची. मार्च 1968 मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसमधले हजारो शाळकरी विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. तुमच्यापेक्षा लहान होती ती पोरं! द्वैभाषिक शिक्षण हवं, आपला इतिहास अभ्यासक्रमात हवा, असं ती म्हणत होती. पण मार खाल्लेल्या अनेकांनी पुढे आपल्या मुलांशी घरी इंग्रजीच बोलायचं ठरवलं. यात नातीचा काय दोष?

आणि भाषा गेली म्हणून सगळं जात नाही. अभ्यासक आद्रियाना उमान्या-टेलर यांच्या संशोधनात दिसतं, की घरात सण, जेवण, गोष्टींमधून मुळांविषयी जितकं बोललं जातं, तितका मुलं आपल्या ओळखीचा जास्त शोध घेतात. शोध घेतात, बरं का. घरच्यांनी दिलेलं निमूट गिळत नाहीत.

घराबाहेर गल्ली असते. बॉइल हाइट्समध्ये तमाले विकणाऱ्या बायका असतात, मारियाची प्लाझात वाद्यं घेऊन कामाची वाट बघणारे वादक असतात. तिथल्या मुलीला ‘मी मेक्सिकन’ असं सांगावं लागत नाही. तीच गोऱ्या वस्तीत राहायला गेली, की पहिल्याच आठवड्यात ‘तू मूळची कुठची?’ सुरू.

पण गल्ली टिकायला भाडं परवडावं लागतं. 2017 मध्ये प्लाझाजवळच्या एका इमारतीत भाडं एकदम वाढवलं, तेव्हा वादकांसह अनेक भाडेकरूंनी ते भरणंच थांबवलं. महिनोन्महिने भांडून 2018 मध्ये तडजोड झाली आणि त्यांची घरं वाचली. तिथून शाळेत जाणाऱ्या पोरीच्या कानावर ती गाणी अजून पडतात, मग तिला स्पॅनिश येवो न येवो.