राहू दे ना तिला बाहेर!

मागच्या वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या वीकेंडला आमच्याकडे चौदा पाहुणे आले. शिकागोच्या एका उपनगरात आमचं टाउनहाउस आहे. मागे तळ्याकाठी मिल्कवीडची झुडपं माजलेली असतात. तिथे माझ्या आठ वर्षांच्या लेकीला मोनार्क फुलपाखराच्या अळ्या दिसल्या. काळे-पिवळे-पांढरे पट्टे, करंगळीच्या पेराएवढ्या. पानं पिवळी पडायला लागली होती, रात्री गारठा.

"बाबा, या थंडीत मरतील!"

झालं. जाळीचा पिंजरा आला आणि चौदा अळ्यांचा मुक्काम किचनच्या ओट्यावर पडला.

पुढचे दोन आठवडे ऑफिसातून आलो की आधी लेंड्या साफ करायच्या, मग ताजी पानं. खोटं कशाला बोलू, मजा आली. अळ्या गुबगुबीत झाल्या, एकेक करून उलट्या टांगल्या, सोनेरी ठिपक्यांचे हिरवे कोष झाले. चौदापैकी तेरा फुलपाखरं बाहेर पडली. उघड्यावर १०० अंड्यांतली १० सुद्धा फुलपाखरापर्यंत पोचत नाहीत म्हणतात. आमचा सक्सेस रेट ९३ टक्के! मी स्वतःवर जाम खूश.

फक्त तोवर ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला होता. बाहेर ८ डिग्री आणि पाऊस. मोनार्कला नीट उडायला साधारण १३ डिग्री तरी लागतात. तीन दिवस कलिंगडाच्या फोडींवर काढले, चौथ्या दिवशी ऊन पडल्यावर सोडली. बरीचशी उडाली. चार पोर्चच्या कठड्यावरच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली दोन खाली पडलेली होती.

"बाकीच्यांना रस्ता माहीत आहे ना?" लेकीने विचारलं.

"हो तर! जन्मतःच माहीत असतो," मी ठोकून दिलं.

रात्री ती झोपल्यावर वाचायला बसलो आणि कळलं, आपण पोरीला चक्क थाप मारली आहे.

भानगड अशी आहे. उन्हाळ्यातला मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतो. शरद ऋतूतला मात्र आठ-नऊ महिने जगतो आणि इथून सुमारे ३,००० किलोमीटर उडून मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांवर, ओयामेल फरच्या जंगलात हिवाळा काढतो. जात तीच. मग आपण 'प्रवासी' पिढीतले आहोत हे त्याला सांगतं कोण? लहान होत जाणारे दिवस, गार होत जाणाऱ्या रात्री आणि जुनी होत चाललेली मिल्कवीडची पानं. या खुणा मिळाल्या की त्याचं प्रजनन थांबतं आणि सगळी ताकद प्रवासासाठी राखली जाते.

आणि आमच्या किचनमध्ये? २२ डिग्री, रात्री अकरापर्यंत दिवे. ज्या गारठ्यापासून आम्ही त्यांना वाचवत होतो, तोच त्यांच्यासाठी निघायचा निरोप होता.

हे माझं मत नाही, तपासलेलं आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं की रानातल्या मोनार्कची पिल्लावळसुद्धा घरात, शरदासारख्या कृत्रिम वातावरणात वाढवली तर दक्षिण दिशा धरत नाही. बाहेर वाढवलेली धरते. २०२० च्या एका अभ्यासात पाळलेल्या मोनार्कची पकड कमकुवत आणि पंखांचा रंग फिका निघाला. हिवाळाभर झाडाला लटकून वादळं सोसायची म्हणजे पकड हवीच ना? आता दुसरी बाजूही सांगतो. २०२१ मध्ये कॅनडात घरात वाढवलेल्यांना रेडिओ टॅग लावून सोडलं, तर बहुतेक दक्षिणेकडेच गेली. म्हणजे मोकळ्या आभाळाखाली काहींची दिशा सुधारत असावी. पण आमच्या व्यवसायात ज्या कोडबद्दल एवढी शंका आहे ते आपण प्रॉडक्शनला टाकतो का?

तुम्ही म्हणाल, बाहेर ठेवल्या असत्या तरी बऱ्याच मेल्याच असत्या. असत्या. पण त्या मरतात म्हणून मोनार्क संपत नाहीये. १९९६-९७ च्या हिवाळ्यात मेक्सिकोत त्यांनी १८ हेक्टर जंगल व्यापलं होतं. २०१३-१४ मध्ये जेमतेम ०.६७, २०२४-२५ मध्ये १.७९. याचं एक मोठं कारण म्हणजे इथल्या मका-सोयाबीनच्या शेतांतलं मिल्कवीड तणनाशकांनी साफ झालं. तुटवडा झाडांचा आहे, दायांचा नाही. त्यात एका पिंजऱ्यात दाटीवाटीने अळ्या कोंबल्या की रोग पसरतात ते वेगळंच.

मग मुलांनी काही बघूच नये का? जरूर बघावं. झर्सीज सोसायटीसारख्या संस्था सांगतात, वर्षाला दहाच्या वर नकोत. मी म्हणतो, दोन पुरे. जुलैत आणा, पिंजरा बाल्कनीत ठेवा, विकतची अंडी-अळ्या मागवू नका. सप्टेंबरात मात्र हात मागे घ्या.

मला या सगळ्यात आजी आठवली. पुण्यात आमच्या घरामागे रुई होती. तिच्यावरही अशाच पट्टेरी अळ्या असायच्या, मोनार्कच्या चुलत भावंडाच्या, प्लेन टायगरच्या. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं तोडताना आजी अळी असलेलं पान तेवढं सोडून द्यायची. घरात आणायची नाही, झटकायचीही नाही. पुढच्या पानाकडे वळायची. बस्स.

लेकीला मी शेवटी खरं सांगून टाकलं. ती रडली, दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग नोव्हेंबरात आम्ही दोघांनी कुंपणाच्या कडेला मिल्कवीडचं बी टाकलं. या बियांना उगवायच्या आधी थंडी सोसावीच लागते. ते ऐकून ती म्हणाली, "म्हणजे यांना पण आत नाही घ्यायचं?"

नाही घ्यायचं, बेटा.