दुसरी किल्ली कुठंय?

मागच्या जुलैत आम्ही चौघं लोहगडाला गेलो होतो. गाडी मित्राची, दोनच महिन्यांपूर्वी घेतलेली सेकंड हँड हॅचबॅक. पाऊस, धुकं, भजी, रील्स सगळं यथासांग झालं. खाली पार्किंगमध्ये आलो आणि मित्र एकेक खिसा उलटा करायला लागला. किल्ली नाही! वर कुठंतरी पायऱ्यांवर पडली असणार, नाहीतर चिखलात. दीड तास शोधली. जुलैतल्या रविवारी लोहगडावर हरवलेली वस्तू शोधणं म्हणजे काय, हे तिथं गेलेल्यांना वेगळं सांगायला नको.

‘घरी दुसरी असेल ना रे?’ असं विचारलं तर पठ्ठ्या गप्प. जुन्या मालकानं एकच किल्ली दिली होती. ‘दुसरी घरातच आहे कुठंतरी, सापडली की देतो,’ असं म्हणाला होता म्हणे. अर्थात, ती कधीच सापडली नाही.

शेवटी लोणावळ्याहून चावीवाले काका आले. छत्री आमच्या हातात देऊन त्यांनी पाऊण तास कानस चालवली. दरवाजा उघडला तेव्हा आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या. स्टीअरिंगचं लॉकही सुटलं. स्टार्टर फिरला, इंजिन घरघरलं आणि दोन सेकंदांत बंद! परत मारला, परत तेच. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह असलेला दिवा लुकलुकत होता. काका म्हणाले, ‘पोरांनो, माझं काम झालं. आता गाडी चिप मागतीये, ती माझ्याकडं नाही.’

गाडी टोइंग करून पुण्यात आणली. सर्व्हिस सेंटरनं आरसी मागितली. ती अजून जुन्या मालकाच्याच नावावर! मग त्याला शोधा, त्याचं ओळखपत्र आणा, पोलिसांकडे किल्ली हरवल्याची नोंद करा, हे सगळं आलं. नऊ दिवस गेले आणि बिल झालं अकरा हजारांच्या वर. टोइंगचे पैसे वेगळेच. दर महिन्याला मेसचे पैसे देताना हात आखडणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी हा आकडा किती मोठा आहे, ते तुम्हीच बघा.

कागदपत्रं मागितली म्हणून माझी तक्रार नाही. उलट ती मागायलाच हवीत, नाहीतर कुणीही उठेल आणि कुणाच्याही गाडीची किल्ली करून घेईल. माझी तक्रार वेगळी आहे. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, टायर बघतो, म्युझिक सिस्टीम वाजवून बघतो. पण किल्ली हरवली तर काय करायचं, ती कोण करून देईल, कितीला पडेल, हे कुणी विचारत नाही आणि विकणाराही आपणहून सांगत नाही.

काकांची किल्ली इंजिन का चालू ठेवू शकली नाही, ते समजून घेऊ. आजच्या बहुतेक गाड्यांच्या किल्लीच्या डोक्यात एक चिमुकली चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची कॉइल असते, तिच्याकडूनच चिपला वीज मिळते आणि चिप आपला कोड गाडीच्या कॉम्प्युटरला कळवते. कोड जुळला नाही तर इंजिनला पुढची परवानगी मिळत नाही. यालाच इमोबिलायझर म्हणतात. युरोपात १९९८ पासून नव्या कारना तो सक्तीचा आहे. लॉक-अनलॉकची बटणं असलेला रिमोट हा वेगळा प्रकार. त्याला बॅटरी लागते आणि प्रत्येक वेळी बटण दाबलं की तो नवा कोड पाठवतो, त्यामुळे जुना कोड रेकॉर्ड करून चोराला उपयोग होत नाही. म्हणजे रिमोट बंद पडला तरी गाडी चालू होऊ शकते, पण चिप हरवली तर नुसतं धातूचं पातं कामाचं नाही. आपण ‘किल्ली’ म्हणतो त्या एका वस्तूत अशा तीन-तीन वस्तू असतात. दुरुस्तीला गेल्यावर यातलं नेमकं काय बिघडलंय हे आपल्याला ठाऊक नसेल, तर समोरचा सांगेल ते बिल भरावं लागतं.

आणि कार घेण्याइतके पैसे आहेत कुणाकडे, असं म्हणून हे पान उलटू नका. जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हाचंही स्मार्ट किल्लीचं मॉडेल आलं. कॉलेजच्या पार्किंगमध्ये ‘किल्ली खिशातच ठेवून’ गाडी सुरू करणारे आता काही कमी नाहीत.

पुण्यात परतल्यावर आमच्या कोपऱ्यावरच्या चावीवाल्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या टपरीवर पात्याला खाचा पाडणाऱ्या यंत्राशेजारी आता एक लॅपटॉप आणि चिप वाचायचं छोटं मशीनही असतं. ते म्हणाले, ‘एक चालू किल्ली घेऊन आला असतात तर दुसरी तासाभरात करून दिली असती. सगळ्याच गेल्या म्हटल्यावर खेळ बदलतो.’ जुन्या, साध्या चिपची नक्कल ते सहज करतात. नव्या गाड्यांतल्या चिपचा कोड मात्र गुप्त भाषेत असतो आणि काही गाड्यांना नवी किल्ली ओळखायला लावायची तर थेट कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. तिथं त्यांचा हात पोचत नाही. मशीनवर पैसे घातलेत, शिकायची तयारी आहे, पण दार आतून बंद.

हे दार असं बंद ठेवावं का, यावर आपल्याकडे आधीच निर्णय झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि गाडी तपासायची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, हा ठपका होता. कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं आणि दंडाचं प्रकरण कोर्टकचेरीत गेलं. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. कागदावर आपली बाजू बरीच भक्कम आहे. टपरीपर्यंत त्यातलं फारसं काही आलेलं नाही.

कंपन्यांचं म्हणणं असतं सुरक्षेचं. ते खोटं नाही, कोड मोकाट सुटले तर चोरांची दिवाळी. पण यातून मार्ग निघतो. अमेरिकेत पार्श्वभूमी तपासून चावीवाल्यांची नोंदणी करतात. नोंदणी झालेला चावीवाला गाडीची मालकी तपासतो आणि मग कंपनीकडून अधिकृतपणे कोड घेतो. कुणी कधी कुठला कोड घेतला याची नोंद राहते. आपल्याकडे पोलीस पडताळणी भाडेकरूंचीही होते. मग चावीवाल्यांची का होऊ नये? आणि गाडीच्या दरपत्रकात विमा, अ‍ॅक्सेसरीज यांच्यासोबत ‘दुसरी किल्ली : इतके रुपये, इतके दिवस’ एवढी एक ओळ छापायला शोरूमला कितीसा खर्च येणार आहे?

ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या हातातलं बघू. सेकंड हँड गाडी घेताना दोन्ही किल्ल्या समोर ठेवायला सांगा आणि दोन्हींनी इंजिन चालू करून बघा. एकच असेल तर किंमत तेवढी कमी करून घ्या आणि त्याच आठवड्यात दुसरी करा. नव्या गाडीसोबत अनेकदा किल्लीचा नंबर असलेला छोटा बिल्ला येतो. तो त्याच किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत, त्याचा फोटो काढून बिल्ला घरी ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी साधारणपणे दोन्ही किल्ल्या मागते. एकच दिलीत तर प्रश्नांची सरबत्ती ठरलेली.

बॅटरीचं म्हणाल तर रिमोट अगदी जवळ नेल्यावरच चालायला लागला की ती बदलायची वेळ झाली. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ असते, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ ही तेवढीच रुंद पण पातळ असते, ‘चालून जाईल’ म्हणून ती बसवू नका. जुना सेल लहान भाच्यांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. पुश बटणाच्या गाडीत बॅटरी पूर्ण संपली तरी घाबरायचं कारण नाही. रिमोटच्या पोटात दरवाज्यासाठी साधं पातं लपवलेलं असतं आणि बहुतेक गाड्यांत रिमोट स्टार्ट बटणाला टेकवला की इंजिन सुरू होतं. जागा गाडीगणिक बदलते, मॅन्युअल एकदा तरी उघडा. पावसात भिजला तर आधी सेल काढा, मग वाळवा. तांदळाच्या डब्यात खुपसू नका, नुसती भुकटी आत जाते.

पुश बटणवाल्यांनी आणखी एक करावं. घराच्या दाराशेजारी किल्ली टांगली, तर तिचा सिग्नल दोन यंत्रांच्या मदतीनं लांबवून गाडी उघडता येते. किल्ली आतल्या खोलीत, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. डबा चालतो का, हे तो घेऊन गाडीजवळ उभं राहिलं की लगेच कळतं. दार उघडलं तर डबा बदला.

मित्राच्या गाडीला आता दोन किल्ल्या आहेत. एक त्याच्या खिशात, दुसरी आमच्या रूमवर, माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. जुन्या मालकाला त्यानं परवा पुन्हा फोन केला होता. तो म्हणाला, ‘अरे हो, बघतो शोधून.’