सिंहामागचं गवत बघितलं का?

सफारीचा शेवटचा दिवस, उघडी जीप, मागे मावळता सूर्य आणि खाली कॅप्शन : 'निसर्ग काय असतो ते इथं येऊन कळलं!' अशी पोस्ट तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. आपल्यातल्या बहुतेकांनी केनिया मोबाइलवरच पाहिलाय, तरी 'बिग फाइव्ह' विचारले तर पटापट सांगू. (हे नाव शिकाऱ्यांनी दिलंय बरं का. पायी शिकार करायला सगळ्यात अवघड ते पाच.) त्यातला बिबट्या तर आपल्या उसातच आहे. रात्रीच्या लाइटीवर पाणी धरायला जाणाऱ्याला विचारा, तो काही सेल्फीला थांबत नाही.

पण मला बोलायचंय ते गवताबद्दल. त्या फोटोत सिंहामागे जे पिवळं, सपाट रान पसरलंय ना, सगळा खेळ त्याच्यावर चाललाय. गवत आहे म्हणून हरणं, हरणं आहेत म्हणून सिंह. तसंच रान श्रीगोंद्याजवळ दिसलं की आपण म्हणतो, पडीक! सरकारी नकाशातही बऱ्याच माळरानांची नोंद तशीच. मग मुरूम उचला, प्लॉटिंग करा, नाहीतर ५ जूनला खड्डे घेऊन झाडं लावा. माळावर झाडं लावणं हेही माळ मोडणंच आहे, पण त्याचे फोटो छान येतात.

१९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा सोलापूरबरोबर आपला श्रीगोंदाही त्यात होता. क्षेत्र जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर! शेतं, गावं, सगळं आत. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले. तो राग खोटा नव्हता. पुढे क्षेत्र कापून १,२२२ वर आणलं. माळढोक मात्र आता राज्यात दिसणंच मुश्कील.

शेजारच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी बघा. मसाई मारा दीड हजार चौरस किलोमीटरचं, हे जेमतेम २.१७! तरी तिथं काळवीट टिकलंय. तुमच्या वर्गातले किती जण जाऊन आलेत? भीमेपलीकडे शिर्सुफळ आणि कडबनवाडीला वन विभागाची गवताळ सफारी सुरू झालीय. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा. गाइड म्हणून गावातलीच पोरं.

आपल्या तालुक्यात असं का नाही, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. आणि जाण्याआधी गावच्या माळाचा सातबारा काढून बघा, प्लॉटिंगचा बोर्ड लागायच्या आत.