म्हणे, मराठीला विंडोजच लागते!

गेल्या महिन्यात आमच्या अनुवादक-मुद्रितशोधक मंडळींच्या बैठकीत एका अनुभवी गृहस्थांनी विंडोजऐवजी फुकट वापरता येणाऱ्या लिनक्स या संगणकप्रणालीचा निकाल लावून टाकला. लिनक्स हा हौशी पोरांचा उद्योग, पोटापाण्याचे काम करणाऱ्याने विंडोज सोडू नये, असा त्यांचा सूर होता. कारणे चार. फुकटाला किंमत नसते, बिघडले तर दुरुस्त करणारा मिळत नाही, म्युनिक शहराने हा प्रयोग केला आणि हात पोळून ते परत आले, आणि मुख्य म्हणजे लिनक्सवर धड मराठी लिहिता येत नाही. टाळ्या पडल्या. मी आठ महिने लिनक्सवर पुस्तके संपादित करतो आहे, पण पाठोपाठ चहा आला आणि माझे बोलणे राहून गेले. ते आता बोलतो.

फुकटाला किंमत नसते म्हणणाऱ्या या गृहस्थांच्या संगणकावरचे विंडोज कोणत्या पावतीवर आले, हे विचारायचा मोह मी आवरला. दुरुस्तीचे म्हणाल तर विंडोज बिघडल्यावर तरी काय होते? एक पोरगा येतो, ‘काका, फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो आणि पाचशे रुपये घेऊन जातो.

म्युनिकची गोष्ट खरी आहे, पण गृहस्थांनी ती सोयीच्या जागी थांबवली. २००३ साली त्या शहराने लिनक्सकडे जायचे ठरवले, २०१३ पर्यंत १५,००० च्या आसपास संगणक बदलले आणि २०१७ मध्ये परत फिरायचा ठराव केला. त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांवरून आधी मायक्रोसॉफ्टचे ऑफिस आणि मग विंडोजही काढायचे जाहीर केले, हे मात्र सांगायचे राहिले. फ्रान्सचे जाँदार्मरी हे पोलीसदल कित्येक वर्षे उबुंटू या लिनक्सच्या अवतारावर काम करते. त्यामुळे तिथले चोर सुटले, असे काही ऐकिवात नाही. आणि केरळच्या सरकारी शाळांतली पोरे लिनक्सवरच संगणक शिकतात. ती हौशी असतील.

आता मराठी. या मुद्द्यावर माझा तोल जातो, कारण माझी मराठी ज्या यंत्रावर बुडाली ते विंडोजचेच होते.

नव्वदच्या दशकात आपण संगणकावर जे ‘मराठी’ लिहीत होतो, ते संगणकाच्या लेखी मराठी नव्हतेच. फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत क, ख, ग यांची चित्रे बसवली होती. आपल्याला पडद्यावर ‘पाऊस’ दिसे, आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा काला असे. शिवाय प्रत्येक कंपनीची बैठक निराळी. एकाच्या फॉन्टमध्ये जिथे ‘म’ बसला तिथे दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये अर्धा ‘ष’. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडायचा आणि खाली तो काला उरायचा.

माझ्या एका अनुवादाची फाइल अशाच फॉन्टमध्ये होती आणि तो फॉन्ट संगणकाच्या मागे खोचायच्या एका डोंगलला बांधलेला. डोंगल मेले. विकणाऱ्याने नवी आवृत्ती पूर्ण किमतीत घ्या म्हणून सांगितले. ती परवडणारी नव्हती. दुसऱ्या आवृत्तीसाठी ३१२ पाने मी पुन्हा टंकली. दोन महिने गेले, मान धरली ती वेगळीच. सगळे विंडोजवर, बरं का. तेव्हा मराठी विंडोजवर सुखरूप आहे, असे कोणी छातीठोक सांगितले की माझी मान आपोआप दुखू लागते.

यातून सोडवले ते प्रत्येक अक्षराला स्वतःचे घर देणाऱ्या युनिकोडने आणि त्याचे विंडोजशी लग्न लागलेले नाही. देवनागरीला त्यात १९९१ पासून जागा आहे. विंडोजमध्ये तिची सोय २००० च्या आवृत्तीपासून आली, लिनक्समध्येही ती कधीचीच आहे. गृहस्थ म्हणाले, लिनक्सवर ‘दऱ्या’ लिहिता येत नाही, ‘दर्या’ होतो आणि दऱ्यांचा समुद्र होतो. सभागृह हसले. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे ही कळ दाबावी, मग हलन्त, मग य, मग काना. दरीतला ऱ्या उमटतो. विंडोजवरही याच कळा आहेत, कारण हा कळफलक सरकारने १९८० च्या दशकात ठरवला. मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’बद्दल तर शासननिर्णय निघाला आहे, २००९ चा. विंडोजबरोबर येणाऱ्या मंगल फॉन्टने हिंदी वळणाचा ‘ल’ आपल्या गळी उतरवला, तो आपण मुकाट गिळला. मी लिबर ऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडतो आणि नोटो देवनागरी फॉन्ट वापरतो. ल मराठी दिसतो.

खरे तर ही तक्रार यंत्राबद्दल कधीच नसते. खिळे जुळवण्याच्या काळात संगणकाला जोडाक्षरे झेपणार नाहीत म्हणत. मग इनस्क्रिप्ट आला तेव्हा टाइपरायटरवर हात बसलेल्यांनी तोच सूर लावला. त्या वादात मीही होतो आणि चुकीच्या बाजूला होतो. बोटांची सवय मोडताना होणारा त्रास आपण भाषेच्या नावावर खपवतो.

एक मात्र कबूल. कोरल ड्रॉ, इनडिझाइन, टॅली लिनक्सवर सरळ चालत नाहीत. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायची वाइन नावाची युक्ती आहे, पण तिच्या भरवशावर छापखाना चालवू नये. म्हणून माझ्या छापखानेवाल्या मित्राला मी विंडोज सोड म्हणत नाही. पण त्याची अडचण कोरलची आहे. ती मराठीच्या माथी मारू नये.

माझ्या बाजूने मांडायला फार नाही. विंडोज ११ ने माझा २०१६ चा लॅपटॉप नाकारला आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चांगले यंत्र भंगारात द्यायचे जिवावर आले, म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून पाहिले आणि मग ठेवूनच दिले. स्कॅनर तीन दिवस बोलत नव्हता. वर्डच्या फाइलींतले तक्ते अधूनमधून सरकतात. बाकी प्रकाशकाच्या दुरुस्त्या येतात, माझ्या जातात आणि हप्ते वेळेवर पोचतात. भर कामात ‘अपडेट होत आहे, संगणक बंद करू नका’ अशी आज्ञा येत नाही, हे सुख मात्र मोठे आहे.

पुढच्या बैठकीला त्या गृहस्थांनी आपली १९९९ सालची एखादी मराठी फाइल पेनड्राइव्हवर आणावी आणि आपल्याच विंडोजवर उघडून सर्वांना वाचून दाखवावी. चहा माझ्याकडून.