कॉपीचे इंग्रजी, चिकित्सेचे मराठी

फेब्रुवारी आणि मार्च हे महाराष्ट्रात परीक्षांचे महिने आहेत आणि तितकेच ते भरारी पथकांचेही आहेत. पथके निघतात, केंद्राजवळची झेरॉक्सची दुकाने बंद ठेवण्याचे आदेश निघतात, काही विद्यार्थी पकडले जातात, वृत्तपत्रांत खिडकीवर लटकलेल्या तरुणांची छायाचित्रे येतात आणि निकाल लागला की सारे विस्मरणात जाते. २०२५ च्या फेब्रुवारीत दहावीच्या पहिल्याच दिवशी मराठीची प्रश्नपत्रिका बाहेर आल्याच्या बातम्या जालना आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांतून आल्या. खिडकीतून उत्तर येण्याची वाट मराठीच्या परीक्षेतही पाहिली जात असेल, तर इंग्रजीच्या परीक्षेत काय होत असेल याची कल्पना कोणालाही करता येईल.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील झरी जामणी तालुक्यातून या प्रश्नाकडे पाहिले म्हणजे त्याचे एक वेगळेच अंग दृष्टीस पडते. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. अलीकडे कोलामांचे पोड, गोंडांची गावे, कापसाची कोरडवाहू शेती आणि मुकुटबन परिसरातील चुनखडी. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या अन्य दोन. इथल्या कोलाम मुलाच्या कानावर घरात कोलामी पडते, शाळेत मराठी, बाजारात मराठीबरोबर हिंदी आणि तेलुगू. त्यावर २००० सालापासून राज्य शासनाच्या निर्णयाने पहिल्या इयत्तेपासून इंग्रजीही आली. म्हणजे सहा वर्षांच्या ज्या मुलाला शाळेची मराठी हीच परकी, त्याच्यापुढे त्याच वर्षी आणखी एक परकी भाषा मांडली गेली.

दहा वर्षांनी त्याच्या पदरात कोणते इंग्रजी शब्द पडतात? प्रश्न गंभीर आहे आणि त्याचे उत्तर विनोदी आहे. ‘कॉपी’ हा शब्द त्याला येतो. ‘गाईड’ येतो, ‘मायक्रो झेरॉक्स’ येतो, ‘सेंटर’ आणि ‘सेटिंग’ येतात, ‘डमी’ येतो, ‘स्क्वॉड’ येतो आणि ‘पेपर लीक’ही येतो. फसवणुकीचे इंग्रजी त्याला अस्खलित येते. मात्र विचार करण्यासाठी लागणारे जे इंग्रजी आहे, ते त्याच्यापर्यंत पोहोचता पोहोचता पार विकृत होऊन जाते. ‘क्रिटिकल’ म्हणजे काय? दवाखान्यात अखेरच्या घटका मोजणारा रुग्ण. ‘आर्ग्युमेंट’ म्हणजे भांडण. ‘रेफरन्स’ म्हणजे साहेबांची ओळख. ‘सोर्स’ म्हणजे वरपर्यंत पोहोचलेला वशिला. ‘कोटेशन’ ठेकेदार भरतो. या शब्दसंपत्तीनिशी तो महाविद्यालयात जातो आणि तिथे ‘क्रिटिकल आर्ग्युमेंट’ मांडा, ‘सोर्स’ आणि ‘रेफरन्स’ द्या, असे त्याला सांगितले जाते. त्याने त्याचा अर्थ अत्यवस्थ भांडण आणि मोठ्या माणसाची ओळख असा घेतला, तर त्याला हसण्याचा अधिकार कोणाला आहे? समाजाने हे शब्द ज्या अर्थाने वापरले, त्याच अर्थाने तो ते शिकला.

खुद्द इंग्रजांच्या घरीही या शब्दांचा इतिहास मनोरंजक आहे. ‘कॉपी’ हा शब्द विपुलता या अर्थाच्या लॅटिन ‘कोपिया’वरून आला, एका ग्रंथाच्या अनेक प्रती म्हणजे ज्ञानाची समृद्धी, असा तो प्रवास. ‘चीट’ या शब्दाचे मूळ बेवारस जमीन राजाकडे जमा करण्याच्या जुन्या कायद्यात आहे. ती जमा करणारे अधिकारी इतके लबाड निघाले की त्यांच्या कामाचेच नाव फसवणुकीला मिळाले. (महसूल खात्याची कीर्ती सर्वत्र सारखीच, असे कोणी म्हणेल.) दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावावर खपविण्याला इंग्रजीत ‘प्लेजिअरिझम’ म्हणतात. तो शब्द माणसे पळविणाऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लॅटिन शब्दावरून आला. पहिल्या शतकातील मार्शल या रोमन कवीने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून वाचणाऱ्याला तो लावला. आणि ‘क्रिटिकल’च्या मुळाशी जो ग्रीक धातू आहे, त्याचा अर्थ वेगळे करणे, निवडणे, निवाडा करणे असा आहे.

इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. ‘विवेक’ या शब्दाचा धात्वर्थ तरी दुसरा कोणता आहे? विच् म्हणजे वेगळे करणे. सार आणि असार यांची फारकत करणे म्हणजे विवेक. ‘चिकित्सा’ हा शब्दही असाच. आज तो वैद्याकडे गेला असला, तरी संशय घेऊन शोध घेणे ही छटा त्याच्यात आहे. ‘विचिकित्सा’ म्हणजे तर संशयच. जे इंग्रजी शब्द आपल्या मुलांना दुर्गम वाटतात, त्यांच्या संकल्पना आपल्या घरात दोन हजार वर्षांपासून नांदत आहेत. कौटिल्याने विद्यांची गणना करताना आन्वीक्षिकीला पहिले स्थान दिले आणि तिला सर्व विद्यांचा दीप मानले. न्यायदर्शनाने वाद, जल्प आणि वितंडा असा भेद केला. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खंडन चालते ती वितंडा. इंग्रजीतील ‘आर्ग्युमेंट’ या एका शब्दात जे सारे कोंबलेले आहे, त्यासाठी आपल्याकडे तीन नेमके शब्द आहेत. ‘इव्हिडन्स’साठी प्रमाण, ‘इन्फरन्स’साठी अनुमान, ‘फॅलसी’साठी हेत्वाभास. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडायचे आणि मग त्याला उत्तर द्यायचे, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची शिस्त तर आज परदेशी विद्यापीठे निबंधलेखनाचा आदर्श म्हणून शिकवितात.

वाङ्मयचौर्याचा विचारही आपल्याला नवा नाही. दहाव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात शब्दहरण आणि अर्थहरण यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. दुसऱ्याची कल्पना नुसत्या प्रतिबिंबासारखी उतरविणारा कवी वेगळा आणि ती आत्मसात करून नवे रूप देणारा वेगळा, अशी त्याने प्रतवारी लावली. याच ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत झाल्याची कथा आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम, यवतमाळचा शेजारी जिल्हा. ज्या भूमीत साहित्यविद्येचे लग्न लागले, त्या भूमीत आज प्रकल्पवह्या दुकानातून तयार मिळतात.

अर्थात इथे एक आक्षेप न्याय्य आहे. ‘हेत्वाभास’ हा शब्द झरी जामणीच्या कोलाम मुलीला ‘फॅलसी’इतकाच परका आहे. संस्कृत शब्दांची यादी तिच्यापुढे ठेवली, तर ती तीही पाठ करील. एका घोकंपट्टीच्या जागी दुसरी येईल, इतकेच. तिला शिकवायचे असेल तर तिच्या अंगणापासून सुरुवात करावी लागेल. सूप घेऊन पाखडणे तिला येते. बियाण्याच्या पाकिटावरील बढाई आणि पऱ्हाटीला प्रत्यक्ष लागलेली बोंडे यांतील अंतर तिने पाहिलेले असते. कापसाचा धागा बोटांनी ओढून प्रत ठरविणारा व्यापारी आणि काटा मारणारा व्यापारी या दोघांना तिचे वडील ओळखतात. मापातले पाप हुडकणे म्हणजेच चिकित्सा. हा धागा वर्गात पकडला, तर ‘प्रमाण’ आणि त्यानंतर ‘इव्हिडन्स’ हे शब्द तिला ओझे वाटणार नाहीत. कोलामीतून असे प्रश्न विचारता येतील इतकी ती भाषा शिक्षकाने शिकावी, ही अपेक्षाही अवाजवी नाही. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने कोलामीचा अभ्यास करून तिच्यावर लिहिलेला ग्रंथ १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. सातासमुद्रापलीकडच्या विद्वानाला जे साधले, ते पांढरकवडा प्रकल्पातील आश्रमशाळेवर वर्षानुवर्षे नोकरी करणाऱ्याला अशक्य का वाटावे?

या प्रश्नात पणाला काय लागले आहे, हे यवतमाळने २०१७ साली पाहिले आहे. त्या वर्षीच्या हंगामात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्यामागील कारणे अनेक होती. पीक डोक्यापर्यंत वाढले होते, संरक्षक साधने नव्हती, दोन-तीन औषधांची मिश्रणे फवारली जात होती, विक्रेत्याचा सल्ला हाच अंतिम शब्द होता. मृतांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु विषाच्या प्रत्येक बाटलीवर एक रंगीत त्रिकोण असतो. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. सोबतच्या पत्रकावर भिंगाशिवाय दिसू नये अशा बारीक अक्षरांत सूचना असतात. ते पत्रक वाचून दुकानदाराला उलट प्रश्न विचारणारा एक दहावी झालेला मुलगा प्रत्येक घरात असायला हवा. मग शाळेने त्याला काय दिले? खिडकीतून आलेल्या चिठ्ठीवर इंग्रजी आणि विज्ञान उत्तीर्ण झालेला मुलगा त्या बाटलीपुढे तितकाच निरक्षर असतो, जितके त्याचे आजोबा होते. आजोबांना निदान आपल्याला वाचता येत नाही हे ठाऊक होते.

शासनाचा सारा भर बंदोबस्तावर आहे. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९८२ चा. २०१० च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांची कॉपीमुक्तीची मोहीम राज्यभर गाजली आणि प्रशासनाने मनावर घेतले तर काय होऊ शकते हे दिसले. २०२४ मध्ये केंद्राने सार्वजनिक परीक्षांसाठी नवा कायदा लागू केला. त्याची एक बाब लक्षणीय आहे: त्याचा रोख परीक्षार्थीवर नसून पेपर फोडणाऱ्या संघटित टोळ्यांवर आणि त्यांना सामील असणाऱ्या यंत्रणेवर आहे. ते योग्यच झाले. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा एकटा ‘सेटिंग’ करीत नाही. त्यामागे निकालाच्या टक्केवारीवर तगणारी संस्था असते, डोळेझाक करणारा पर्यवेक्षक असतो आणि भिंतीवर चढलेला सख्खा काका असतो.

खरी शिक्षा मात्र मुलाला होते आणि ती उशिरा होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यासंबंधी नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, चाळीस टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून देणे, साठ टक्क्यांपर्यंत एक वर्षाची मनाई आणि त्यापलीकडे नोंदणीच रद्द. नियम रास्त आहेत. पण जो आदिवासी तरुण अडथळ्यांची शर्यत पार करून पीएच.डी.च्या उंबरठ्यावर पोहोचतो, त्याला पाचवीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत कोणीही सांगितलेले नसते की पुस्तकातले जसेच्या तसे उतरवून काढणे हा अपराध आहे. उलट, जसेच्या तसे लिहिले म्हणूनच त्याला गुण मिळालेले असतात. आता तर भ्रमणध्वनीवरील कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात निबंध लिहून देते. तिथे उतरवून काढण्याचेही श्रम उरले नाहीत.

उपाय परीक्षागृहाच्या दाराशी नाही, प्रश्नपत्रिकेत आहे. दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्याखाली विद्यार्थ्याचे स्वतःचे मत विचारणारा एक प्रश्न असतो. हेतू उत्तम, पण ते ‘स्वतःचे मत’ही मार्गदर्शिकांत छापून मिळते आणि परीक्षक ते आनंदाने स्वीकारतात. शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे जे गुण आहेत, ते झरी, मुकुटबन, पाटणच्या शाळांनी तयार प्रकल्पवह्यांऐवजी एका तोंडी परीक्षेसाठी वापरून पाहावेत. विद्यार्थ्याच्या हातात बियाण्याचे पाकीट, औषधाची बाटली किंवा पीककर्जाचा अर्ज द्यावा आणि त्याला चार प्रश्न करावेत: यात काय म्हटले आहे, ते कोण म्हणतो, त्याला पुरावा काय, आणि तुला ते पटते का. पहिल्या वर्षी उत्तर कोलामीत आले तरी चालेल, मग मराठीत यावे, मग इंग्रजीत. या परीक्षेची चिठ्ठी कोणाला खिडकीतून टाकता येणार नाही, कारण उत्तर बाहेर कोणाजवळच नसेल.