माळ्यावरची पेटी



आपल्या वस्त्यांत घरोघर पाहावे. कुणाच्या माळ्यावर जुनी पेटी असते, कुणाच्या खुंटीला ढोलकी, कुणाच्या खाटेखाली तार तुटलेला बेंजो, तर शहरातल्या एखाद्या घरी गिटार. वाजवणारा कधीकाळी पोटापाण्याच्या मागे लागला आणि वाद्य फडक्यात गुंडाळले गेले. लग्न, मुलांची शिक्षणे, आईबापांचे दुखणे यात बोटे सूर विसरली. साठीच्या उंबऱ्यावर तो गृहस्थ वाद्य खाली काढतो, तेव्हा पहिला प्रश्न घरातूनच येतो : आता या वयात हे कशाला?

हा प्रश्न आमच्याही घरात झाला. भोकरदन तालुक्यातील धावडा हे आमचे गाव. तरुणपणी भीमजयंतीच्या गायन पार्टीत आम्ही पेटी वाजवीत होतो. पुढे वाळूजच्या कारखान्यात पाळ्या सुरू झाल्या आणि पेटी गावच्या घरी राहिली. नोकरी संपवून परतलो, तेव्हा उंदरांनी भाता कुरतडलेला आणि दोन सूर गंजून मुके झालेले. दुरुस्तीचा खर्च ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "तेवढ्यात खताच्या दोन गोण्या येतील." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कपाशीला खत लागतेच. पण माणसालाही काही लागते की नाही?

इथे आम्हाला बाबासाहेबांची आठवण होते. पुण्यात सेनापती बापट मार्गावर सिम्बायोसिस संस्थेचे डॉ. आंबेडकर वस्तुसंग्रहालय आहे. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू तिथे जपून ठेवल्या आहेत. त्यांत एक व्हायोलिन आहे. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. एवढा ग्रंथांचा व्याप, समाजाचा भार, साथ न देणारी प्रकृती, आणि तरीही त्यांनी हाती गज धरला. त्या वाजवण्यातून मत मिळणार नव्हते की बिदागी. ते त्यांचे स्वतःचे होते.

आपल्या लोकांना ही गोष्ट लवकर कळावी. गावकीच्या काळात वाजवणे हे काही जातींवर लादलेले काम होते. दुसऱ्याच्या वरातीत, दुसऱ्याच्या हुकमाने वाजवायचे. ते ओझे टाकून दिले ते योग्यच झाले. परंतु ओझे टाकताना सूरही टाकून द्यायचा का? आपल्या मनाने, आपल्या ओसरीवर, आपल्यासाठी वाजवणे हा माणूसपणाचा भाग आहे.

आणि वयाचे म्हणाल तर लोकशाहीर विठ्ठल उमप यांच्याकडे पाहा. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, वयाच्या ७९व्या वर्षी, त्यांनी मंचावरच देह ठेवला. नाशिक जिल्ह्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि पुढे हजारो गीते रचून गेले. शिकण्याचे वय सरते, हे कुणी ठरवले?

मात्र पुन्हा सुरुवात करणाऱ्याने घाई करू नये. विनयपिटकात सोण नावाच्या भिक्खूची कथा आहे. घरी असताना तो वीणा वाजवीत असे. चंक्रमण करताना त्याने पाय रक्तबंबाळ केले आणि मग निराश होऊन घरी परतण्याचा विचार करू लागला. भगवंतांनी त्याला वीणेचीच आठवण दिली. तार फार ताणली तर नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरीही नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे.

म्हणून पहिल्याच दिवशी दोन तास बसू नये. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरे. आधी संथ सरगम, मग पलटे, मग तरुणपणीचे आवडते एक गाणे. कापूस वेचून किंवा यंत्रावर राबून ताठलेली बोटे हळूहळू मोकळी होतात. गिटार वा बेंजोच्या तारांनी बोटांची टोके काही दिवस दुखतील, नंतर कातडी निबर होते. हाडात किंवा सांध्यात दुखले तर मात्र थांबावे. पेटी पावसाळ्यात ओलीपासून दूर ठेवावी, नाहीतर सूर गंजतात.

आमच्या घरी शेवटी तोडगा निघाला : यंदा खताची एक गोणी आणि पेटीला नवा भाता. ते दोन मुके सूर पुढच्या सुगीला. तोवर जी गाणी त्यांच्यावाचून निघतात, ती वाजवतो. सौ. आता मिरच्या निवडता निवडता एखादी ओळ धरतात.

तेव्हा घरच्या मंडळींना एवढीच विनंती. तुमच्या घरातला कुणी वडीलधारा, आणि आई-आजीसुद्धा, असे काही खाली काढून बसले तर हसू नका. तेवढी पंधरा मिनिटे टीव्हीचा आवाज कमी करा.

जयभीम!