आळीतली जपमाळ बंद पडू देणार नाही



रविवारी वसईतल्या आपल्या आळीच्या बैठकीत सरळ प्रस्ताव आला: ऑक्टोबरातली क्रुसासमोरची जपमाळ यंदापासून बंद करू, लोकांना वेळ नाही. विरोधाला उठल्या त्या फक्त म्हाताऱ्या बायका. तरणीताठी माणसं मोबाइलमध्ये मान घालून बसली होती. लाज वाटायला हवी!

वसईने बदल काय आज पाहिला? 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीजांची सत्ता गेली, पाठोपाठ त्यांचे धर्मगुरूही गेले. आपल्या पूर्वजांनी श्रद्धा सोडली नाही. याच मातीतला संत गोन्सालो गार्सिया श्रद्धेपायी 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला, मागे हटला नाही. आणि आपल्याला साडेसातची मालिका सोडवत नाही!

वाड्या गेल्या, विहिरी बुजल्या, 2011 च्या जनगणनेतच वसई-विरार शहर 12 लाखांवर गेलं. पोरं कॅनडाला, आखातात. शेजारी कोण राहतो ते ठाऊक नसतं. म्हणून तर एकत्र गुडघे टेकायची गरज आज जास्त आहे. वसईची हिरवाई वाचवायच्या हरित वसई चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो धमक्यांना न जुमानता उभे राहिले. ते बळ प्रार्थनेतूनच येतं.

गेल्या ऑक्टोबरात जपमाळेच्या वेळी नोकरी गेलेला एक तरुण मागे कुंपणाला टेकून उभा होता. एका आजीने स्वतःची माळ त्याच्या हातात ठेवली आणि आपण बोटांवर मोजू लागली. नंतर चणे वाटताना तिघांनी त्याला कामाचं विचारलं. मोबाइलवर होतं का हे?

कुणी म्हणेल, ‘मुलांना मराठी प्रार्थना येत नाही.’ मग शिकवा. घरात मराठी बोला. या सबबीला यापेक्षा जास्त उत्तर नाही.

आता कामाला लागा. रोज एका घराची पाळी, यादी क्रुसाजवळ लावली आहे, नाव घाला. जपमाळेचा एक भेद मुलांनी म्हणायचा, चुकलं तरी कुणी हसायचं नाही. नव्या इमारतींतल्या ख्रिस्ती कुटुंबांना घरी जाऊन बोलवा, नुसता मेसेज नको. अंथरुणाला खिळलेल्यांकडे शनिवारी जायचं. कोरोनात याच आळीच्या मंडळाने घरोघरी डबे पोचवले, त्यामानाने हे काही अवघड नाही.

पहिली पाळी माझ्या घराची: 1 ऑक्टोबर, संध्याकाळी साडेसात. चणे आम्ही आणतो, तुम्ही पोरांना घेऊन या.